एक मीटरच्या आत

बसा. तो मोबाइलचा दिवा बंद करा आधी, डोळ्यांवर येतोय. आणि एक सांगून ठेवतो, ही मी कुठून तरी ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. सहा वर्षं त्याची पावलं माझ्या डोक्यावर वाजायची.

मोजणीदार म्हणायचे त्याला सगळे. जमीनमोजणीच्या ऑफिसात होता. दिवसभर लोकांच्या हद्दी मोजायच्या, आणि लोक असे की रात्रीतून हद्दीचा दगड हातभर सरकवून सकाळी शपथा घेणारे. त्यामुळे संशय त्याच्या हाडीमाशी खिळलेला. किलोभर साखर आणली तरी घरी पुन्हा तोलायचा. लग्नही केलं नाही. आम्ही म्हणायचो, मुलगी बघायला जाताना टेप घेऊन गेला असेल. घरात तो आणि त्याची आई, दोघंच.

आईचा एक डोळा फार पूर्वी गेलेला. दुसऱ्यानेही दोन वर्षांपासून दिसेनासं झालं होतं. त्याचं ऑपरेशन झालं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. डोक्याभोवती ही जाड पट्टी. डॉक्टर म्हणाले, "आठ तारखेला, गुरुवारी पट्टी काढू. काय दिसायचं ते तेव्हाच कळेल."

मोजणीदाराने विचारलं, "त्या वेळी एक फोटो काढला तर चालेल?"

"काढा. पण खोलीत अगदी मंद दिवा असेल. फ्लॅश उडवलात तर बाहेर काढीन."

त्याच्याकडे एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता, फिल्मचा. पण त्याची लेन्स साधी, मंद उजेडात काही कामाची नाही. मी म्हटलं, "अरे, मोबाइलने काढ की." तर म्हणाला, "मोबाइल स्वतःच्या मनाने चेहरा गुळगुळीत करतो. मला आईच्या सुरकुत्या मोजून तेवढ्याच हव्यात." आता काय बोलणार!

तर त्याला हवी होती जुन्या काळातली फास्ट लेन्स. काच मोठी, मेणबत्तीच्या उजेडातही फोटो निघेल अशी. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने एक पत्ता दिला आणि शनिवारी, तीन तारखेला, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर हा तिकडे गेला.

पत्ता नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाचा होता. इमारत पाडायची होती म्हणून रिकामी होत होती. व्हरांड्यात लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या, गाद्यांच्या वळकट्या, भिंतीवर कॅलेंडरं काढल्याचे पांढरे चौकोन. रेक्टरबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी लोकरी मोज्यातून लेन्स काढून टेबलावर ठेवली.

मोजणीदाराने ती टॉर्चसमोर धरली. काचेत बुरशी नाही. ओरखडा नाही. अंतराची कडी लोण्यासारखी फिरत होती. आणि किंमत सांगितली बाजारभावाच्या पाव. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"एवढी स्वस्त का हो देताय?"

"मला द्यायची आहे म्हणून."

"कोणाची ही?"

"भावाची. भाऊ नाही आता." बाईंनी रिकामा मोजा गुंडाळला. मग म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या घरात माणसं किती?"

झालं. ह्याच्या डोक्यात घंटा वाजली. घरात माणसं किती हे कोण विचारतं? चोरांना टीप देणारा.

"सात," हा म्हणाला.

"रात्री सगळी घरीच असतात?"

"सगळी. आणि धाकटा भाऊ पोलिसात आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग न्या. भरल्या घरात जावी, एवढीच माझी इच्छा होती."

जिना उतरताना हा स्वतःवरच खूश. म्हातारीला कसं गुंडाळलं!

आता तो कॅमेरा कसा असतो ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यात लेन्समधून बघत नाहीत. वर एक चिमुकली खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक चौकोन असतो आणि त्या चौकोनात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. लेन्सवरची कडी फिरवत गेलं की त्या दोन आकृत्या सरकत सरकत एकमेकीवर बसतात. बसल्या की कडीवरचा आकडा वाचायचा. दहा असेल तर ती वस्तू दहा मीटरवर. दोन असेल तर दोन. एकच्या खाली कडी जात नाही, तिथे अडते.

त्याच रात्री, आई झोपल्यावर, त्याने नवी लेन्स लावून, खिडकीत बसून कॅमेरा तपासायला घेतला. समोर रस्ता, पलीकडे दिव्याचा खांब. खांब बरोबर जुळला. फाटक जुळलं. खांबाखाली एक माणूस उभा होता, हात खाली सोडून. तो मात्र दोन दिसत होता.

ह्याने कडी अलीकडे आणली. खांब दोन झाले. आणि माणूस एक झाला... दहावर.

हा चिडला. "फसवलं बाईने!" दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, टेप घेऊन रस्त्यात उतरला. मला टोक धरायला लावलं. खिडकीखालून खांबापर्यंत बावीस मीटर. मग घरात कपाट, दार, आईचा पलंग, सगळं टेपने मोजलं आणि कॅमेऱ्यानेही. बोटभराचा फरक नाही. कॅमेरा खरं बोलत होता.

रविवारी रात्री पुन्हा तो माणूस. तीच जागा, खांबाखाली. तेवढाच लहान. ह्या वेळी तो जुळला पाचवर.

सोमवारी रात्री, दोनवर.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर बावीस मीटरवर, रस्त्याच्या पलीकडे. मध्ये रस्ता, फाटक, वरचा मजला. आणि कॅमेरा म्हणत होता, दोन मीटर.

त्याने त्याच वेळी बाईंना फोन लावला. अकरा वाजले होते. "तुमच्या लेन्समध्ये दोष आहे."

बाईंनी दोष कसला ते विचारलं नाही. म्हणाल्या, "आकडा किती आला?"

"दोन."

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं. मग हळूच, "घरात माणसं आहेत ना हो? सात म्हणाला होतात."

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण नाही. ज्याला सगळे चोर दिसतात, तो स्वतःचं खोटं कसं कबूल करणार? "आहेत की. का?"

"मग कोणीतरी जागं राहा. आणि सकाळी उजाडल्याबरोबर ती घेऊन या."

ह्याने फोन ठेवला आणि ठरवलं, ही टोळीच आहे. तो खांबाखालचाही त्यांचाच माणूस, घरावर नजर ठेवायला उभा केलेला. सकाळी लेन्स परत केली नाही. बाजारात जाऊन दाराला नवा जाड अडसर आणला आणि तासभर ठोकत बसला. मी खालून ओरडलो, "काय किल्ला बांधतोस काय?"

म्हणाला, "वेळ आली की कळेल."

मंगळवार, सहा तारीख. रात्र. घड्याळाप्रमाणे बुधवार लागला होता, दोन वाजून दहा मिनिटं. ही वेळ त्यानेच नंतर मला सांगितली, कारण वेळ लिहून ठेवायची त्याला सवय.

आई पलंगावर. खोलीच्या त्या टोकाला. दिवा बंद. हा खिडकीत. नजर ठेवणाऱ्यावर नजर ठेवायची, म्हणून जागा.

खांबाखाली माणूस होता.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. दोन आकृत्या. कडी फिरवली. पाच. तीन. दोन. आकृत्या जवळ आल्या. पण बसल्या नाहीत.

दीड.

सव्वा.

एक. कडी अडली. टक्.

आकृत्या अजून दोनच होत्या. मध्ये केसाएवढी फट.

हिशोब त्याला शिकवायला नको होता. एक मीटरवर जुळत नाही, म्हणजे एक मीटरच्या आत... खिडकीची चौकट त्याच्यापासून हातभर होती. चौकटीच्या अलीकडे हा. आणि आता चौकटीच्या अलीकडे तोही...

कॅमेरा खाली घ्यायचं धाडस होईना. मान हलवली नाही. किती वेळ, माहीत नाही.

मग घेतला खाली.

खांबाखाली कोणी नव्हतं.

रस्ता रिकामा. फाटक बंद. हुश्श म्हणणार, एवढ्यात मागून आईचा आवाज आला. झोपाळलेला, मायेचा.

"झोप रे आता. किती वेळ केस कुरवाळत बसशील?"

हा खिडकीत. पलंग चार मीटरवर.

"आणि हात किती गार झालेत तुझे..."

अंधारात पलंग दिसत होता. उशी दिसत होती. पट्टीचा पांढरा रंग दिसत होता. बाकी काही नाही.

"आई..."

तिने मान आवाजाकडे वळवली. खिडकीकडे.

"तू... तिकडे आहेस?"

"हो."

"मग..."



आता बघा, माणूस संशयी असेल, खोटारडा असेल. पण त्या क्षणी दाराकडे पळाला नाही. पलंगाकडे पळाला. जिथे ते होतं, तिकडेच. आईला पांघरुणासकट उचललं आणि तिला छातीशी धरून पायाने जमिनीवर दणके द्यायला लागला. धाड. धाड. धाड.

माझी झोप उडाली. असले दणके मी त्या घरातून कधी ऐकले नव्हते. मी, बायको, दोन्ही पोरं आणि तेव्हा आलेला मेहुणा, पाचही जण जिन्याने वर धावलो. दार बंद. आत हा ओरडतोय, "थांबा, जाऊ नका, थांबा!" आणि तो नवा अडसर निघेना. एका हातावर आई, एका हाताने अडसर. स्वतःच ठोकलेला. शेवटी मी आणि मेहुण्याने बाहेरून खांदा लावला तेव्हा सुटला.

आत पाऊल टाकलं आणि... कसं सांगू. थंडी नव्हती. वास नव्हता. पण खोली भरलेली वाटली. गर्दीत कोणी तुमच्याकडे वळून जागा करून देतं ना, तसं. आम्ही सगळे आत शिरलो, पोरांनी दिवे लावले, आणि ते गेलं.

त्याने लेन्स काढून पुन्हा मोज्यात घातली. उजाडेपर्यंत आम्ही सातजण त्या एका खोलीत बसून राहिलो. सात. त्याने बाईंना सांगितला होता तोच आकडा, पण त्या रात्री हे कुणाच्या लक्षात येणार?

सकाळी मी त्याच्याबरोबर वसतिगृहात गेलो. बाई ट्रंक भरत होत्या. ह्याने मान खाली घालून सांगितलं, "घरात मी आणि आई, दोघंच आहोत. मी खोटं बोललो."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मी उगाच विचारलं होतं का?"

मग त्यांनी सांगितलं. भाऊ एकटा राहायचा. रात्री खिडकीतून फोटो काढायचा. फोनवर म्हणायचा, "ताई, तो माणूस येतोय. फक्त चालताना दिसत नाही." चौथ्या दिवशी फोन आला नाही. भाऊ खुर्चीत बसलेला सापडला, मांडीवर कॅमेरा, कडी एकवर. तेव्हापासून लेन्स वसतिगृहात होती. चाळीस मुली, रात्रपाळीच्या सतत येत्या-जात्या. अकरा वर्षं काही झालं नाही.

मी विचारलं, "मग फेकून का नाही दिलीत?"

"आणि जिथे फेकली तिथे कोणी एकटं असलं तर?"

बाई भाचीकडे राहायला निघाल्या होत्या. तिथे नऊ माणसं, त्यात एक तान्हं, म्हणजे रात्रभर कोणी ना कोणी जागं. लेन्स त्यांनी परत घेतली. मोजणीदाराने पैसे मागितले नाहीत, एवढ्यावरून काय ते समजा.

गुरुवारी दवाखान्यात पट्टी सुटली. खोलीत मंद दिवा, आम्ही दाराशी. आईने डोळा मिचकावला, इकडेतिकडे बघितलं आणि मुलाकडे बघून म्हणाली, "किती वाळलास रे!" हा माणूस रडायला लागला. फोटो काढला साध्या लेन्सने, तोही हललेला. पण दिसलं तिला, शेवटपर्यंत दिसलं.

आईने त्या रात्रीपासून डोक्यावर घट्ट घेतलेली शाल मागे सारून नर्स पट्टीचे उरलेले वेढे काढत होती. थांबली. हसून म्हणाली, "आजी, केस रंगवायला घेतले होते का? मध्येच सोडले वाटतं."

आजींचे केस कापसासारखे पांढरे. आणि त्यांत कपाळापासून मागे गेलेले पाच पट्टे. काळेभोर. ऐन तरुणपणी असतात तसे. चार शेजारी शेजारी, एक जरा बाजूला.

ते पुढे कधी पांढरे झाले नाहीत. माझी बायको त्यांचे केस विंचरून द्यायची. एकदा तिने आपला पंजा उघडून त्या पट्ट्यांवर ठेवला. बोटं पुरली नाहीत.

मग मी ठेवला.

माझीही पुरली नाहीत.