चाळीस किलो गोगलगाई फरार

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी रोक्काफियोराच्या पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"ठाणेदारबाई, पळाल्या," पलीकडून तुल्लियो म्हणाला.

"कोण?"

"सगळ्या."

ठाणेदार ओर्नेला प्रांदीनं पेन उचललं आणि एकूण किती जणी, असं विचारलं. तुल्लियोनं मनातल्या मनात गणित केलं. चारेक हजार असतील, म्हणाला. वजनावर विचाराल तर चाळीस किलो.

ओर्नेलानं पेन खाली ठेवलं. तुल्लियो गावजेवणाचा आचारी होता, आणि आज सान जोव्हान्नी या संताचा सण होता. म्हणजे गोगलगाई.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. रोक्काफियोरात ज्यांचं आपसात बिनसलेलं असतं, ते सान जोव्हान्नीच्या संध्याकाळी चौकात बसून एका ताटलीत गोगलगाई खातात. गोगलगाईची शिंगं म्हणजे भांडण. शिंगं पोटात गेली की भांडण मिटलं, आणि मिटलेलं भांडण पुन्हा तोंडातून काढायचं नाही. चारचौघांत नाही, एकांतात नाही, मरतानासुद्धा नाही. गेल्या वर्षी न्हाव्यानं भावाबरोबर ताटली संपवली आणि मग त्याला आठवलं, की आपली शिडी अजून भावाकडेच आहे. त्यानं नवी शिडी विकत घेतली.

ओर्नेला चर्चच्या सभागृहापाशी पोचली तेव्हा साडेसात होत होते. दाराशी खालच्या शहरातल्या खाटकाची गाडी उभी होती आणि सॉसेजची खोकी उतरत होती. हा तोच खाटीक, ज्यानं ईस्टरला "कालच सांगायचं होतं" म्हणून ओर्नेलाला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. ती त्याच्याशी न बोलता तळघरात उतरली.

तुल्लियो रिकाम्या पिंपाजवळ उभा होता, घरातलं कोणी गेल्यासारखा.

"बघा आमच्या आन्सेल्मोची तत्परता," तो वरच्या खोक्यांकडे हात करून म्हणाला. "गाव उपाशी राहू नये म्हणून सॉसेज मागवलीसुद्धा. अध्यक्ष असावा तर असा."

आन्सेल्मो उत्सव समितीचा अध्यक्ष होता आणि गावच्या बँडचा संचालकही. उंची बेताची, म्हणून लाकडी ठोकळ्यावर उभा राहून बँड चालवायचा, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नसे.

ओर्नेलानं पिंप पाहिलं. पोट साफ व्हावं म्हणून गोगलगाई त्यात पाच दिवस कोंड्यावर ठेवलेल्या होत्या.

"काठाला मीठ लावत नाहीस का?"

"रोज लावतो. मिठावरून त्या जात नाहीत."

"काल?"

"साडेआठला लावलं, जाळी टाकली आणि तालमीला गेलो. मी झांजा वाजवतो."

"आता मीठ आहे?"

तुल्लियोनं काठावरून बोट फिरवलं आणि चाटलं. "नाही."

काठ ओल्या फडक्यानं पुसलेला होता. जाळीची व्यवस्थित चौघडी करून ती खुर्चीवर ठेवली होती. पिंपापासून खिडकीपर्यंत कोवळ्या सॅलडची पानं एकाला एक लावून अंथरली होती. आयुष्यात ओर्नेलानं बरेच चोर पाहिले होते. हा चोर नव्हता, यजमान होता.

"किल्ली कुठे असते?"

"दाराशेजारच्या खिळ्याला."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला नव्हतं माहीत?" तुल्लियोला खरंच आश्चर्य वाटलं.

बाहेर अर्धा गाव टोपल्या घेऊन भिंती धुंडाळत होता. पत्रपेटीत सतरा सापडल्या. सगळ्यात लांबची साडेसातलाच सापडली होती, ती कारंज्याजवळच्या दगडी सान जोव्हान्नीच्या नाकावर, खिडकीपासून तीस मीटरवर. ओर्नेलानं तिला ताब्यात घेतलं, ठाण्यात आणून टेबलावर पट्टीशेजारी ठेवलं आणि घड्याळ लावलं. मिनिटाला पाच सेंटीमीटर. खात्री करण्यासाठी दुसरी लावली, पण तिनं सहकार्य केलं नाही.

मिनिटाला पाच म्हणजे तासाला तीन मीटर, तीस मीटरला दहा तास. म्हणजे बाई रात्री साडेनऊच्या आत निघालेली होती. आणि साडेआठला मीठ लावलेलं होतं.

त्या एका तासात सगळा गाव चौकात बँडच्या तालमीला होता. सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलं होतं. फक्त दोन पाहुणे नवे होते, त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि एकजण गेली अकरा वर्षं तालमीला येतच नव्हता.

ओर्नेला आधी पाहुण्यांकडे गेली. योस्त आणि मारेके हे डच जोडपं सुट्टीवर आलं होतं. ते मांस, मासे, अंडी, मध यातलं काहीच खात नसत. गोगलगाईंच्या सणाला आले, कारण पत्रकावर बँडचं चित्र होतं.

ओर्नेलानं काही विचारायच्या आतच मारेके रडायला लागली आणि तिला न्हाणीघरात घेऊन गेली. साबणाच्या ताटलीत तीन गोगलगाई होत्या. तिघींची नावं ठेवलेली होती.

"या फक्त तीन आहेत," ओर्नेला म्हणाली.

"गुरुवारी पिंपातून घेतल्या," योस्त मान खाली घालून म्हणाला. "या तिघी जास्त दुःखी दिसत होत्या."

"काल रात्री नऊच्या सुमाराला कुठे होतात?"

तालमीलाच, म्हणाला, आणि पुरावा म्हणून फोनवरचं चित्रीकरण दाखवलं. वेळ आठ बावन्न. पडद्यावर मावळतीचा उजेड, बुटांकडे बघत वाजवणारे बावीस वादक, पुढे लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर झोपलेलं कारंज्याचं मांजर. चार मिनिटांची कवायतीची धून चालू होती. ती दहा मिनिटं चालली, हळूहळू मंदावत गेली, आणि तुल्लियोच्या झांजा त्याला आठवेल तेव्हा वाजत राहिल्या.

"फार भावपूर्ण," योस्त म्हणाला.

ओर्नेलानं चित्रीकरण दोनदा पाहिलं आणि तिघींना तूर्त न्हाणीघरातच राहू द्यायला सांगितलं.

रस्त्यावर तोवर निकाल लागलेला होता. तालमीला कोण नव्हतं? एत्तोरे. मग झालं तर. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच सण नासवला होता, आताही त्यानंच नासवला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एत्तोरे घरी बॅग भरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो लेकीकडे तोरिनोला कायमचा जाणार होता. सज्जात त्याचा टुबा उभा होता, तोंड आभाळाकडे करून. त्यात तुळशीसारखी हिरवी बाझिलिको लावलेली होती. हे भलंमोठं पितळी वाद्य त्यानं चाळीस वर्षं फुंकलं होतं, आणि बँडचे स्वरलिपीचे कागदही तोच सांभाळायचा. मग अकरा वर्षांपूर्वीच्या सान जोव्हान्नीला खुद्द बिशपसमोर बँडनं स्तोत्राऐवजी अंत्ययात्रेची धून वाजवली. बिशपनं टोपी काढून कोण गेलं म्हणून विचारलं. आन्सेल्मो ठोकळ्यावरून सगळ्यांदेखत म्हणाला, "एत्तोरे, कागद तू लावलेस." एत्तोरेनं टुबा उचलला, घरी गेला, आणि दोघं त्यानंतर बोलले नाहीत.

आज ते एका ताटलीत खाणार होते. गाव या ताटलीची अकरा वर्षं वाट बघत होतं.

"काल साडेआठ ते साडेनऊ कुठे होतात, एत्तोरेकाका?"

"इथंच. मोजे शोधत होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोण पाहणार? सगळे तालमीला." त्यानं बॅगेत शर्ट ठेवला, परत काढला, परत ठेवला. "माझंच नाव लिही, पोरी."

"तुम्ही सोडल्यात?"

"आठवत नाही. पण त्या कागदांचंही मला आठवत नव्हतं. गावाला आठवत होतं. अकरा वर्षं सगळे सांगतात म्हटल्यावर पटतं माणसाला. आज ताटलीवर आन्सेल्मोची माफी मागणार होतो. त्याचं वर्षाचं काम मी मातीत घातलं. हे पण मीच केलं असेल."

ओर्नेलानं नाव लिहिलं नाही. बारा वाजता सभागृहात या, एवढंच सांगितलं.

बारा वाजता सगळा गाव सभागृहात होता. आन्सेल्मो पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी. एत्तोरे दाराजवळ, बॅग घेऊन, म्हणजे अटक झाली तर परत घरी जायला नको.

ओर्नेलानं कोणाला काही कबूल करायचं आहे का, असं विचारलं. ही चूक झाली. बेकरीवाला उठला आणि रविवारचा पाव शनिवारचा असतो म्हणाला. पाद्र्यानं फुटबॉलच्या दिवशी प्रार्थनेतली दोन पानं गाळतो हे सांगितलं. न्हाव्याचा भाऊ शिडीबद्दल बोलायला उठला आणि त्याला चौघांनी तोंडावर हात ठेवून खाली बसवलं. गोगलगाईंबद्दल कोणी बोललं नाही.

"ठीक आहे," ओर्नेला म्हणाली. "ज्यानं हे केलं त्याला चोरी करायची नव्हती. त्यानं मीठ पुसलं, पानं अंथरली. त्याला एवढंच हवं होतं, की आज ताटली वाढली जाऊ नये. आणि त्याबद्दल त्याला वाईटही वाटत होतं. म्हणून त्यानं गावाच्या जेवणाची सोय केली."

सगळे सॉसेजच्या खोक्यांकडे बघायला लागले.

"तुल्लियो, गोगलगाई गेल्याचं तू किती वाजता पाहिलंस?"

"सातला. लगेच तुम्हाला फोन केला."

"साडेसातला सॉसेज दारात होती. हा खाटीक एक दिवस आधी सांगितल्याशिवाय सुरी उचलत नाही. मी त्याला आत्ताच फोन केला. काल दुपारी चारला त्याच्याकडे निरोप गेला. तेव्हा गोगलगाई पिंपातच होत्या."

"पण आन्सेल्मो तालमीत होता," तुल्लियो म्हणाला. "आम्ही सगळे तिथं होतो."

"तू त्याला पाहिलंस?"

"मी माझ्या बुटांकडे बघत होतो," तुल्लियो म्हणाला.

"आठ बावन्नपासून दहा मिनिटं ठोकळ्यावर मांजर झोपलेलं होतं," ओर्नेला म्हणाली. "बावीस जणांतल्या एकालाही कळलं नाही, कारण तुमच्यातला एकही जण कधी वर बघत नाही, आणि बाकीचा गाव एकमेकांकडेच बघत असतो. त्याला हे तीस वर्षांपासून माहीत आहे."

गोगलगाय आणि पोटात पाय, असं माणसाबद्दल म्हणतात. आन्सेल्मो उभा राहिला तेव्हा मात्र त्याचे पाय दिसत होते.

"कागद मीच विसरलो होतो," तो म्हणाला. "बिशप यायच्या आदल्या दिवशी प्रेतयात्रा होती. स्तोत्राचे कागद मीच काढून ठेवले आणि परत लावलेच नाहीत. मला तेव्हा खरंच वाटलं, की एत्तोरेनं केलं. मग त्या हिवाळ्यात गणवेश धुवायला काढला."

"आणि?"

"खिशात तेवीस कागद."



"सांगितलं का नाहीस?" हे ओर्नेलानं विचारलं नाही. दारातून एत्तोरेनं विचारलं. अकरा वर्षांतलं त्याचं आन्सेल्मोशी पहिलं वाक्य.

"रोज सांगणार होतो. आज नको, उद्या. असे चारेक हजार दिवस झाले." आन्सेल्मोनं टोपी फिरवली. "मग तू ताटलीवर येतो म्हणालास. वर माफी मागणार, असं कळलं. ताटली संपली असती, की ते मला कधीच बोलता आलं नसतं. आणि ती संपायच्या आधी बोलायची छाती नव्हती. म्हटलं, ताटलीच नको. तोरिनोला येऊन तुला सांगेन."

"आला असतास?"

आन्सेल्मोनं टोपी खुर्चीवर ठेवली. "नसतो आलो. आज सकाळी लोक तुझं नाव घेत होते, तेव्हाही मी गप्पच होतो."

एत्तोरेनं बॅग खाली ठेवली. "कोणत्या खिशात होते?"

"डाव्या. आतल्या."

एत्तोरेनं मान हलवली. जणू अकरा वर्षं हीच एक माहिती कमी पडत होती.

तुल्लियोला शांतता सहन होत नसे. त्यानं हळूच सांगितलं, की एकतीस किलो परत सापडल्यात, दोघांपुरती ताटली तर सहज होईल. सगळे एत्तोरेकडे बघायला लागले.

"मी खाणार नाही," एत्तोरे म्हणाला. "अकरा वर्षं मी अपराधी होतो, मला रागवायला वेळच मिळाला नाही. आता वर्षभर रागावणार आहे. पुढच्या सान जोव्हान्नीला बघू."

"आणि तोरिनो?" ओर्नेलानं विचारलं.

"तोरिनोहून कसं रागावणार? हा रोज डोळ्यासमोर पाहिजे."

दुपारी ओर्नेलानं अहवाल लिहिला. एकतीस किलो मिळाल्या, नऊ किलो फरार, तिघी परदेशी नागरिकांच्या ताब्यात. आरोपीनं गुन्हा कबूल केला आहे. पीडित इसम त्याला माफ करायला तयार नाही, सबब गावातच राहणार आहे.

संध्याकाळी चौकात बँडमध्ये तेविसावी खुर्ची मांडली गेली. एत्तोरे आला, बसला, टुबा मांडीवर घेतला. ठोकळ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, पण तिकडे तर कोणीच पाहत नव्हतं. आन्सेल्मोनं हात उचलला. टुबातला पहिला सूर निघाला, आणि त्याबरोबर अकरा वर्षांची माती आणि बाझिलिकोची मुळं उडून आन्सेल्मोच्या गणवेशावर, डाव्या खिशापाशी बसली.

त्यानं ती शेवटपर्यंत झटकली नाही.