सिफीच्या हातची शेवटची ढेप

आम्ही डोंगर चढलो ते चीजची एक लहानशी ढेप खाली आणायला. फक्त एक, गुहेत तेवढीच उरली होती! माझा भाऊ सिफी याने ती मे महिन्यात केली आणि मेंढपाळांच्या झोपडीमागच्या गुहेत मुरायला ठेवली. सप्टेंबरात सिफी गेला. रविवारी त्याचा चाळिसावा दिवस होता. आमच्या क्रीटमध्ये त्या दिवशी चर्चबाहेर पाव आणि चीज वाटतात आणि खाणारा प्रत्येक जण म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." गावाने हे सिफीच्याच हातचं खाऊन म्हणावं, एवढा एकच ध्यास बाबांनी घेतला होता.

सिफी आणि मी पाहुण्यांना डोंगरात फिरवायचो. तो त्यांना झोपडीत चीज करायला शिकवायचा, पोटभर खाऊ घालायचा. सप्टेंबरात एका पाहुण्याला चहासाठी दिक्तामो नावाच्या झुडपाची ताजी पानं हवी होती. ती कड्याच्या कपारीतच उगवतात. शंभरदा उतरलेला कडा म्हणून सिफी दोर न बांधता उतरला. चार पानांसाठी! त्यानंतर बाबांनी गुहेला कुलूप घातलं. आमच्याकडे असं कोणी करत नाही; डोंगरातलं खाणं वाटसरूसाठी उघडंच ठेवतात.

गुरुवारी सकाळी निघालो. तो कडा आला तेव्हा बाबांनी मान फिरवली आणि भराभरा पुढे गेले. वर धुकं दाटलं, वारा सुटला.

"पायाखाली बघ, अनेझिना! शेळी तुझ्यापेक्षा बरी चालते!"

"मग शेळीलाच आणायचं होतं!"

बोलले आणि पाय सरकला. दगड सुटले. मी घसरले! हाताला काही लागेना. पाय दरीवर लोंबकळले आणि मानेला जोराचा हिसका बसला. बाबांच्या काठीची आकडी! मेंढी ओढावी तसं त्यांनी मला कॉलरला धरून वर ओढलं. खाण्याची पिशवी मात्र दरीत गेली.

बाबांनी माझी कॉलर धरूनच ठेवली. "तू पण नको गं," एवढंच म्हणाले.

झोपडीत पोचलो तर आत दोघं कुडकुडत बसलेली. काट्रिन आणि येन्स, बहीणभाऊ, जर्मनीहून आलेले. येन्सचा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. फळीवरचे जवाचे कडक पाव त्यांनी आदल्या दिवशीच संपवले होते.

"वाट चुकलेत म्हणतात," मी बाबांना सांगितलं.

"हे चुकतात. मरतात आपली पोरं."

तेवढ्यात बर्फ सुरू झालं. ऑक्टोबरात बर्फ! शुक्रवारी सकाळी दार उघडेना. बाबांनी ढकलून वाट केली, गुहेतून ढेप आणली आणि घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

"बाबा, खायला दुसरं काही नाही."

"हात लावायचा नाही. सिफीची आहे."

खरं सांगते, मलाही ती कापायला नको होती. त्या परक्या पोराचे दात वाजत होते आणि मला त्याचा रागच येत होता.

दुपारी काट्रिनने खिशातून बिस्किट काढलं. शेवटचं होतं. ते तिने येन्सला दिलं. तू खाल्लंस का, असं त्याने विचारलं. हो म्हणाली आणि पाठमोरी होऊन रिकामा कागद चाटू लागली. मी कधीतरी सिफीशी असंच खोटं बोलले होते. बाबांनी काट्रिनला कागद चाटताना पाहिलं. भाषा कळली नाही तरी सगळं कळलं.

त्यांनी ढेपेभोवतीची घोंगडी सोडली. सिफी प्रत्येक ढेपेवर अंगठा दाबायचा, तो खळगा वर दिसत होता. बाबांनी त्यात आपला अंगठा ठेवला. मग सुरी घातली. मी तोंड फिरवलं.

काट्रिनने तोंडात घास असतानाच विचारलं, "कोणी केलंय हे?"

मी बाबांना विचारलं. "सांग, माझ्या पोराने," ते म्हणाले.

"कुठे असतो तो?"

बाबांनी सुरी पुसली. "खाली. गावातच असतो म्हणावं."

मी तसंच सांगितलं. पंधरा वर्षं पाहुण्यांशी बोलतेय, इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"त्याला सांगा, इतकं चांगलं मी जन्मात खाल्लं नाही!"

मी तेही बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगतो म्हणावं."

शनिवारी आभाळ उघडलं. शेवटचा तुकडा, अंगठ्याच्या खळग्याचा, बाबांनी येन्सच्या हातात ठेवला. मग त्याला पाठीवर घेतलं. गुहा उघडीच राहिली, कुलूप बाबांनी खिशात टाकलं. बर्फात पावलं रुतत होती. त्या कड्यावर वाट पावलाएवढीच उरली होती. एक पाऊल! दुसरं! या वेळी बाबांना मान फिरवता आली नाही. सत्तर वर्षांचा म्हातारा जिथून पोरगा गेला तिथे बघत बघत परक्याच्या पोराला पलीकडे घेऊन गेला.

रविवारी आम्ही दुकानातलं चीज वाटलं. लोकांनी खाल्लं, म्हणायचं ते म्हटलं आणि घरी गेले. बाबा कबरीपाशी थांबले.

"सिफी," ते वाकून म्हणाले, "एका पोरीने निरोप दिलाय. इतकं चांगलं चीज जन्मात खाल्लं नाही म्हणाली."

मग त्यांना वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.