शेवटच्या पानावरची दुरुस्ती

फाइलच्या पहिल्याच पानावर सात चुका होत्या. ‘आजूबाजूला काय पहाल, कुठे खाल’ या मथळ्यातलं ‘पहाल’ धरलं तर आठ.

केबिनमधल्या टेबलावर ती निळी फाइल पाहुण्यांसाठी ठेवलेली होती. बेकरी कधी उघडते, तळ्याकडे कुठल्या पायवाटेनं जायचं, बटणांचं संग्रहालय कुठल्या वारी बंद असतं, असली माहिती. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लोक प्रवासाला निघताना छत्री घेतात, मी लाल पेन घेतो. बॅग उघडायच्या आधी खुर्ची ओढली आणि तपासायला बसलो. मी तिरसट माणूस आहे. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको.

बुकिंग मुलीनं केलं होतं. “बाबा, चार दिवस जाऊन या. घरात भिंतींशी किती भांडाल?” तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. केबिन तशी बरी होती. एक खोली, मागे न्हाणी, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा. फक्त सगळं दोन-दोन होतं. दोन उशा, दोन कप, दोन खुर्च्या. त्यातली एक खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. रिकामी खुर्ची समोर असली की घास उतरत नाही.

फाइलचं शेवटचं पान पाहुण्यांच्या शेऱ्यांसाठी होतं. ‘फार शांतता.’ ‘पाणी गरम येत नाही.’ कुणाच्या पोरानं बदक काढलं होतं. सगळ्यात खाली पेन्सिलीनं दोनच शब्द होते: ‘बरं, येते.’

मी ‘येते’वर आडवी रेघ मारली, समासात ‘जाते’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

ही माझी जुनी खोड. बायको घराबाहेर पडताना “येते हं” म्हणायची. सगळेच म्हणतात. मी आतून ओरडायचो, “जातेयस ना? मग जाते म्हण. क्रियापद चुकतंय.” ती म्हणायची, “अहो, जाते म्हणू नये माणसानं. आणि मी येते म्हटलं की तुम्ही ये म्हणायचं असतं. एवढंच तर आहे.” एकतीस वर्षांत मी एकदाही ‘ये’ म्हटलं नाही.

तिचं ऑपरेशन साधंच होतं. टॅक्सी दारात उभी. मुलगी पिशवी घेऊन खाली गेलेली. मी तासाभरानं दुसऱ्या गाडीनं निघणार होतो. बायको चपला घालता घालता माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “जाते. बरोबर बोलले की नाही आज?” मी म्हणालो, “शाब्बास. एकतीस वर्षांनी शुद्ध बोललीस.”

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. मी पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत गेलो. वस्तीला एकच रस्ता, निम्मी दुकानं बंद. किल्ली देणारी बाई म्हणालीच होती, सीझन संपलाय, पाचातली तुमची एकच केबिन उघडी आहे. बेकरीत दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत बेकरीवाल्यानं फळीमागून एक पाव काढून कागदात गुंडाळला. एका बाजूनं चांगला करपलेला.

“मी अजून काही मागितलं नाही,” मी म्हणालो.

“बाई सांगून गेल्या ना. मागून एक गृहस्थ येतील, त्यांना करपलेल्या कडेचाच आवडतो म्हणाल्या.”

“कोण बाई?”

“तुमच्याच ना? मला तसंच वाटलं.” त्यानं हात पुसले. “तास झाला असेल त्यांना जाऊन.”

करपलेली कड मला आवडते हे खरं. पण ती आवडणारे जगात आणखीही असतील. बाहेर येऊन मुलीला फोन लावला. हा तिचाच उद्योग असणार. लहानपणापासून तिला असली गुपितं करायची हौस.

“मी कशाला बेकरीवाल्याला फोन करू, बाबा? मला त्या गावात बेकरी आहे हेच माहीत नाही. जेवताय ना नीट?”

जेवतोय म्हणालो.

बटणांचं संग्रहालय म्हणजे एका म्हाताऱ्या शिंप्याची पुढची खोली. शिंपीकाम सोडल्यावर त्यानं जन्मभर जमवलेली बटणं काचेच्या कपाटांत मांडली होती. शिंगाची, शिंपल्याची, पितळेची. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी. एकही चूक नव्हती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाशी तरी गप्पा माराव्याशा वाटल्या. पण शिंपी माझ्या हातांकडे बघत होता. मग त्यानं टेबलाच्या खणातून कागदाची पुडी काढून पुढे केली.

“बाई शोधून ठेवून गेल्या. उजव्या मनगटाचं आहे म्हणाल्या.”

पुडीत एक तपकिरी बटण होतं, चार भोकांचं. माझ्या अंगात स्वेटर, त्यावर कोट. आतल्या शर्टाचं उजव्या बाहीचं बटण मार्चपासून तुटलेलं होतं. मला बटण लावता येत नाही, म्हणून बाही दुमडून घालतो. शिंप्याला ते दिसणं शक्य नव्हतं. कुणालाच नव्हतं.

“दिसायला कशा होत्या?” मी विचारलं.

शिंपी जरा गोंधळला. “आता बघा, डोळ्यांसमोर आहेत, पण सांगता येत नाही. हसऱ्या होत्या. अर्धा तास झाला त्यांना जाऊन. तळ्यावर चहाला जाते म्हणाल्या.”

“जाते म्हणाल्या? की येते?”

“जाते म्हणाल्या. मलाही जरा खटकलंच. निघताना असं कुणी म्हणत नाही.”

मी पुडी मुठीत धरून बाहेर पडलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. डोकं सांगत होतं, वेगळी कुणी बाई आहे, वेगळा कुणी नवरा आहे, योगायोग आहेत. पाय मात्र पळत होते. बासष्ट वर्षांचा माणूस, हातात करपलेला पाव, भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर धावतोय. ती असती तर म्हणाली असती, अहो, हळू, कुणी पाहिलं तर काय म्हणेल? मला एवढंच हवं होतं की ती भेटावी आणि मला तो शब्द परत घेता यावा. शाब्बास म्हणालो होतो मी. शाब्बास!

तळ्याकाठी चहाची टपरी होती. दोन टेबलं, दोन्ही रिकामी. पाणी स्थिर, करडं. पलीकडच्या झाडांत एकही पाखरू ओरडत नव्हतं. टपरीवाली कप गोळा करायला निघाली होती, मला बघून थांबली.

“आत्ता उठल्या बघा. वळणावर असतील.”

टेबलावर एक कप होता. मी हात लावला. गरम होता. तळाशी एक घोट उरला होता.

शेवटचा घोट ती कधीच प्यायची नाही. त्यावरून मी एकतीस वर्षं कटकट केली. तो एक घोट पोटात घातला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं का?

मी तो घोट प्यालो. साखर जास्त होती. तिला तशीच लागायची.

वळणापाशी गेलो. कुणी नव्हतं. पायवाटेला फाटा नव्हता, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाट झुडपं. वाट सरळ एकाच ठिकाणी जात होती, माझ्या केबिनपाशी.

दाराला कुलूप होतं. मीच लावलेलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त टेबलावरची फाइल उघडी होती. शेवटचं पान.

‘बरं, येते.’

खिडकीतून ऊन पानावर पडलं होतं. ‘र’ची शेपटी जरा लांब. ‘ये’ची मात्रा मागे कललेली. वाणसामानाच्या याद्यांवर, मुलीच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर, फ्रिजच्या दारावर हे अक्षर मी एकतीस वर्षं पाहिलं होतं. ती मला नेहमी म्हणायची, “तुम्ही अक्षरं बघता हो, अक्षर बघत नाही.” कालही मी तेच केलं होतं.

ती येते म्हणाली होती. मी ते खोडून जाते केलं होतं. आणि आज दिवसभर ती माझ्यापुढे, एकेका ठिकाणाहून, जात होती.

खाली बसलो आणि रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आमच्या कामात एक खूण असते. बरोबर शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे राहू द्या, होता तोच बरोबर. ही खूण तिला मीच शिकवली होती. मी यादीतला भोपळा खोडला की ती त्याच्याखाली टिंबं देऊन यादी माझ्याच हातात ठेवायची.

मी ‘येते’च्या खाली टिंबं दिली. माझा ‘जाते’ गिरवून गिरवून काळा केला. मग दाराकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “ये.”

दोन कप चहा केला. दोन्ही गार झाले. त्या रात्री दाराला कडी लावली नाही.

कुणी आलं नाही.

सकाळी धुतल्यासारखं स्वच्छ ऊन होतं आणि मी एकटा होतो. दुःखानं माणूस वेडा होतो म्हणतात, मी निदान त्याचं मुद्रित तपासून पाहिलं, एवढंच. चार दिवस पुरे व्हायचे होते, तरी बॅग भरली. निघताना पाहुण्यांनी शेरा लिहावा, अशी फाइलमध्ये सूचना होती. सूचना पाळणारा माणूस मी. तिच्या ओळीखाली लाल पेनानं लिहिलं: ‘जातो.’

खोटं कशाला लिहायचं? टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि न्हाणीची खिडकी बंद करायला मागे गेलो. कडी घट्ट होती. दोन मिनिटं लागली असतील.

परत आलो.

भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची टेबलापाशी होती.

‘जातो’वर एक आडवी रेघ होती. सरळ, न थरथरलेली, मी शिकवली होती तशी. समासात ‘येतो’.

खिसा चाचपला. पेन जागेवर होतं. टोपण घट्ट.

समासातल्या शब्दावर बोट ठेवलं. बोट लाल झालं.

एकतीस वर्षं मी तिच्या ‘येते’ला उत्तर दिलं नव्हतं. तिनं मला ताटकळत ठेवलं नाही. ‘येतो’च्या खाली पेन्सिलीनं, मात्रा नसलेलं, काना जरा लांब ओढलेलं, एकच अक्षर होतं.

‘या.’