बुधवारवाल्यांची सोय

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझ्याच बाबतीत घडलेली आहे आणि अजून संपलेली नाही.

यात अमावस्या नाही, स्मशान नाही. हे सगळं बुधवारी भर दुपारी झालं. ट्यूबलाइट चालू होती आणि शेजारच्या खोलीत शिवणयंत्रं खडखडत होती.

मी एका इमारतीची व्यवस्था बघते. पूर्वी ते कापडाचं गोदाम होतं. आता बऱ्याच संस्था मिळून ते वापरतात. शिवणवर्ग, व्यसनमुक्तीचा गट, खेळण्यांची लायब्ररी, ज्येष्ठांचं मंडळ. खोल्या कमी आणि माणसं फार. त्यामुळे माझं खरं काम भांडणं सोडवण्याचं. कप कुणी विसळले नाहीत? कपाट कुणी अडवलं? रोज कुणीतरी दारात येऊन विचारतं, "ताई, आम्ही कुठे बसायचं?"

आणि मी म्हणते, "थांबा, तुमची सोय करते."

हे वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलंय की झोपेतही म्हणत असेन.

आणखी एक. आमच्याकडे कुणी कुणाला नावाने ओळखत नाही. शिवणवाल्या काकू, खेळणीवाली, व्यसनमुक्तीवाले सर. अनोळखी चेहरा दिसला की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या गटाचा असेल.

पाणी इथेच मुरलं.

आई गेल्यावर बाबा दिवसभर घरी एकटे असायचे. माझे बाबा म्हणजे जन्मभर बसचे कंडक्टर. बोलायला लागले की त्यांचा शेवटचा थांबा कधी यायचाच नाही. जेवताना माझी खुर्ची जरा आडवी आली तरी ओरडायचे, "सरकून घ्या, सरकून घ्या!" मी वैतागायचे. म्हटलं, ज्येष्ठांच्या मंडळात जा, तेवढाच माझ्या कानांना आराम.

मंडळ मंगळवारी असायचं. थोड्याच दिवसांत बाबा बुधवारीही जायला लागले.

"बुधवारवाले बरे आहेत गं," ते म्हणाले. "मागच्या खोलीत बसतात. गोल करून."

"आणि करतात काय?"

"काही नाही. बसतात."

बुधवारी मी आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या इमारतीत असते. किल्ल्या शिवणवाल्या काकूंकडे असतात. गट आपापसांत वार बदलतात आणि मला मागाहून कळवतात, म्हणून मी फार विचार केला नाही.

मग बाबांचं बोलणं कमी झालं.

आधी बसचे किस्से बंद झाले. मग फोनवर नुसतं हं हं. मग जेवताना मीठ हवं असलं तर ते बोटाने दाखवायला लागले.

आणि एक दिवस लक्षात आलं... आठवडा झाला, मी बाबांचा आवाजच ऐकला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "घसा ठणठणीत आहे. वयानुसार माणूस शांत होतो." शांत? आणि माझे बाबा? ज्या बडबडीला मी इतकी कावले होते, तिच्यासाठी मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी काकूंना गाठलं. "काकू, मागच्या खोलीत बुधवारी बसतात ते तुमचे ना?"

"छे गं बाई. ते व्यसनमुक्तीचे."

सर हसले. "आमचे? आमच्यात इतकं गप्प कोण बसतं, ताई? खेळणीवाल्यांच्या मुलांचे आजी-आजोबा असतील."

खेळणीवाली गोंधळली. "मला वाटलं, तुमच्या ऑफिसचे. मी इथे आले तेव्हापासून बसतात की."

सगळ्यांनी पाहिले होते. सगळ्यांनी मान हलवून नमस्कारही केले होते.

ते कुणाचेच नव्हते.

पुढच्या बुधवारी मी बाबांना घरीच ठेवलं. बाहेरून कुलूप लावलं. इमारतीत आले आणि मागच्या खोलीलाही टाळं ठोकलं. मग पॅसेजमध्ये उभी राहिले. म्हटलं, आज बघतेच.

शेजारी यंत्रं चालू होती. खड खड खड...

आणि आवाज गेला.

मी दारातून आत डोकावले. काकूंचे पाय यंत्राच्या पायडलवर चालत होते. सुया खालीवर होत होत्या. बायकांची तोंडं हलत होती, कुणीतरी हसत होतं.

पण आवाज... अजिबात नव्हता.

"ताई."

मी वळले. माझ्यामागे एक बाई उभी होती. राखाडी स्वेटर, हातात घडी घातलेली पिशवी. चारचौघींसारखी. तिच्या मागे, पॅसेजच्या टोकापर्यंत, माणसं शिस्तीत रांगेत उभी होती.

"ताई, आमची खोली बंद आहे. आम्ही कुठे बसायचं?"

आणि मी...

देवाशपथ सांगते, मी विचारच केला नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"थांबा, तुमची सोय करते."

बाई समाधानाने हसली. रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

खड खड खड... यंत्रांचा आवाज परत आला. पॅसेज रिकामा होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, मी काय बोलून बसले ते. मी घराकडे धावत सुटले.

बाहेरचं कुलूप तसंच होतं.

आत दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. जेवणाच्या, अंगणातल्या, माळ्यावर टाकलेली आईची जुनी वेताची सुद्धा. बाबांना पाण्याची बादली उचलवत नाही. त्यांनी हे कसं केलं असेल?

एका खुर्चीत बाबा बसले होते. बाकीच्यांत कुणी नव्हतं.

पण गाद्या... दबलेल्या होत्या.

"बाबा, उठा," मी म्हटलं. "तुम्हाला माझी शपथ आहे, उठा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आणि इतक्या दिवसांनी त्यांचा तो खणखणीत, कंडक्टरचा आवाज घरात घुमला.

"सरकून घ्या, सरकून घ्या... आमची पोरगी यायचीय."

खुर्च्या एकामागून एक करकरल्या. बाबांच्या शेजारी जागा झाली. आईची वेताची खुर्ची तिथे होती, आणि तिची गादी दबलेली नव्हती.

मी पळायला हवं होतं. कळत होतं मला. पण बाबा बोलले होते हो! आणखी एखादं वाक्य बोलतील, एवढीच आशा होती.

मी बसले.

बाबा पुढे काहीच बोलले नाहीत. नुसता माझा हात धरून बसले.

मागच्या खोलीचं टाळं मी दुसऱ्याच दिवशी काढलं. तिथे परत कुणी गेलं नाही. कशाला जातील? त्यांची सोय झाली.

दर बुधवारी मी लवकर घरी येते. बाबांना त्यांच्यात एकटं कसं सोडू?

परवा काकू म्हणाल्या, "ताई, हल्ली बोलत नाही तुम्ही." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं...

म्हणून हे लिहून सांगतेय.