गच्चीवरचं फाइव्ह-जी

सौसन ओले कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर एक अनोळखी माणूस खांबाला मिठी मारून उभा!

"कोण हो तुम्ही?"

"मी... कुसई. फाइव्ह-जीचा इंजिनियर." वरूनच उत्तर आलं. "अँटेना लावतोय. तुमच्या आईंनी परवानगी दिलीय—"

"माझ्या दोरीवर पाय द्यायचीही?"

त्यानं खाली पाहिलं, कानापर्यंत लाल झाला... आणि घसरला.

तिथून जी कटकट सुरू झाली, ती काही केल्या संपेना. अम्मानच्या जबल अल-ताज टेकडीवरच्या त्या चढाच्या गल्लीत नव्या फोनचं वेड सगळ्यांनाच; पण रेंज दर बुधवारी गायब व्हायची. तक्रार गेली की शनिवारी कुसई हजर. तोवर मेली रेंजही हजर! तो उगाच एखादी तार बदलायचा, "झालं" म्हणायचा आणि जिना उतरायचा. बुधवारी पुन्हा तेच रडगाणं.

सौसनचा वैताग मात्र वेगळाच होता. शनिवार आला की तिचा हात आपोआप हिरव्या स्कार्फकडे जायचा, आणि हा दगड बोलायचा कुणाशी, तर अँटेनाच्या डब्याशी!

"डब्याची तब्येत विचारून झाली असेल, तर माणसांचीही विचारा," ती एकदा फणकारली.

"तुम्हाला... बरं नाही का?" त्यानं घाबरून विचारलं.

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग कंपनीचा हुकूम आला. या आठवड्यात दोष सापडो न सापडो, रविवारी कुसईची बदली थेट दूर दक्षिणेच्या अकाबा बंदरात. ते ऐकून सौसनला जेवण गेलं नाही.

या खेपेला तो बुधवारीच आला. गल्लीला नळाचं पाणी येण्याचा आठवड्यातला तो एकच दिवस. अँटेनासमोरची प्लास्टिकची टाकी भरत गेली, आणि त्याच्या फोनवरची रेंज एकेक रेघ कमी होत गेली.

"पाणी!" तो ओरडला. "पाण्यातून या लहरी जातच नाहीत! टाकी उतरली की चालू, भरली की बंद! सौसन, सापडलं!"

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती... आणि तीही टाकीच्या आनंदात. तिला रडू आलं.

"अभिनंदन. जा आता अकाबाला."

त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात आई कॉफी घेऊन आली. कुसईनं कप घेतला, कठड्यावर ठेवला आणि हात मागे घेतला. मागणी घालायला आलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही, हे आमच्या अम्मानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई बघतच राहिली.

"अरे, त्यासाठी घरची वडीलधारी माणसं आणायची असतात!"

"आणतो मावशी, शुक्रवारी सगळ्यांना आणतो. पण आधी हिला..." तो अडखळला. "म्हणजे... टाकी हलवता येईल, पण मी... मला..."

इतके शनिवार वाया घालवून अजूनही टाकीच! सौसनचा संयम संपला. तिनं कप उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"प्या मुकाट्यानं. गार होतेय."