याकोमिनाचं मौन

“बोट मिळाली, घर मिळालं... आता मुलाची कटकट कशाला ओढवून घेईल ही!”

सासूबाईंच्या, म्हणजे कोर्नेलियाबाईंच्या वाढदिवसाला नातलग कॉफीचे पेले घेऊन गोल करून बसले होते. सासूचे ते शब्द याकोमिनाच्या काळजात कट्यारीसारखे घुसले. पण तिनं मुकाट्यानं केकची बशी पुढे केली...

येर्सेकेच्या बंदरात शिंपल्यांची बोट चालवणाऱ्या क्राइनशी तिचं लग्न झालं, तेव्हा त्याची नसबंदी झालेली होती. पहिली बायको हेस्टर बाळंतपणात मरता मरता वाचली, म्हणून त्यानं ती आपणहून करून घेतली होती. पुढे हेस्टर आजारपणात गेलीच. मागे उरली त्यांची पोरकी लेक, नेला. “डॉक्टरांना विचारू या, निघेल काही मार्ग,” असं क्राइन कितीदा म्हणाला! याकोमिना हसून म्हणे, “मला नकोच मूल,” आणि वाळत घातलेल्या ओल्या चादरींआड जाऊन डोळे पुसून घेई!

पण त्या दिवशी नेला ताडकन उठली. आता ती कॉलेजात जाणारी तरुणी होती.

“आजी, बस्स! तिला मूल हवंय. मीच अडवलंय तिला! लग्नाच्या दिवशी मी तिला शपथ घातली होती, माझ्या आईच्या घरात दुसरं मूल येता कामा नये म्हणून. लहान होते गं... वाटायचं, बाबा मला विसरतील! तुझे एवढे टोमणे खाल्ले तिनं, पण माझं नाव ओठावर येऊ दिलं नाही...”

कोर्नेलियाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

“याकोमिना,” क्राइन तिच्याकडे वळला, “माझ्याशीसुद्धा खोटं बोललीस?”

“पोर आधीच आईवेगळी रे! तिच्या वाटचं काही काढून घ्यायचं नव्हतं मला...”

नेलानं तिच्या गळ्याला मिठी मारली. “उद्याच दवाखान्यात फोन करते. आता नाही म्हणून तर बघ!”

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. “नस पुन्हा जोडता येते, पण फार वर्षं झालीत, यशाची आशा कमी. शिवाय वाट पाहावी लागेल आणि याकोमिना, तुमच्या वयाला ती परवडणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे सुईनं वृषणातूनच शुक्रजंतू काढायचे आणि प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा. तेही साधलं नाही, तर दात्याचं बीज. खात्री मात्र कशाचीच देत नाही.”

सुईचं नाव ऐकून क्राइन पांढराफटक पडला.

“वादळात बोट हाकणारा माणूस सुईला घाबरला!” नेला खो खो हसली. मग तोही हसला, आणि तयार झाला.

पहिला गर्भ रुजला नाही... याकोमिनानं अंथरूण धरलं. तेव्हा गरम सूपचं भांडं घेऊन कोर्नेलियाबाई स्वतः आल्या, तिच्या उशाशी बसल्या.

“फार विषारी बोलले गं मी, पोरी! क्षमा कर मला... आणि हिंमत सोडू नकोस. पुन्हा जा. या खेपेला मी येते बरोबर.”

त्या खरोखरच तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. आणि दुसरा गर्भ रुजला!

बाळंतपण सुईणीच्या हातून घरीच झालं. बाळाचा पहिला टाहो ऐकताच नेला घरातून अनवाणीच बंदराकडे धावली. “ऐका रे! मला भाऊ झाला! माझ्या आईला मुलगा झाला!”

धक्क्यावरच्या एका बोटीनं भोंगा वाजवला, मग दुसरीनं, मग साऱ्या बंदरानं! उघड्या खिडकीतून ते शब्द याकोमिनापर्यंत पोहोचले... ‘माझ्या आईला!’ तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि भरल्या डोळ्यांनी क्राइनला म्हणाली, “ऐकलंस? आज मला दोन मुलं झाली!”