पैलवानचा विसरपट्टा

कोल्हापुरात कुत्र्याला गोळी देणं आता कुणाला अवघड जात नव्हतं. गळ्यात विसरपट्टा घालायचा, गोळी पेढ्यात लपवायची, पेढा खायला घालायचा आणि थोड्या वेळानं पट्ट्यावरचं बटण दाबायचं. कुत्र्याला फसवल्याचं आठवतच नाही. दुसऱ्या दिवशी तेच कुत्रं त्याच पेढ्याला तितक्याच आनंदानं धावत येतं. ज्यानं हा पट्टा शोधून काढला त्याच्या घरी कुत्रं नसावं, असं माझं मत आहे. पण माझ्या मताला विचारतो कोण?

हौसाबाई चौगुल्यांच्या कुत्र्याचं नाव पैलवान, आणि अंगानं नुसती काडी. हौसाबाईंच्या पिठाच्या गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय हुंगून त्याला आत सोडायचं, हे त्याचं काम. त्याचं हृदय बिघडलं. गोळी रोज, जन्मभर. चुकली तर कुत्रं गेलं. आणि गोळी म्हणजे कारल्याचा बाप. हौसाबाईंनी ती भाकरीच्या काल्यात घातली, कलेजीत घातली, खव्यात घातली. भातातला खडा काढावा तशी पैलवान ती नेमकी बाजूला काढून ठेवायचा आणि वर शेपूट हलवायचा.

शेवटी डॉक्टर फिरदौस मुजावरांनी पट्टा दिला. जनावरांच्या मेंदूवर काम करणारी ही तिशीतली बाई पूर्वी हौसाबाईंच्याच गल्लीत राहायची.

"ह्यानं त्याला काय इजा?" हौसाबाईंनी विचारलं होतं.

"नाही, काकू. ताजी आठवण म्हणजे नुकतं विरजण घातलेलं दूध. दही लागायच्या आत भांडं हलवलं की विरजण मोडतं. पट्टा मेंदूला तेवढाच हलका हेलकावा देतो. आधीच्या काही मिनिटांचं दही लागत नाही, बस."

पहिले काही आठवडे झकास गेले. गोळी पोटात जात होती, धाप कमी झाली होती. मग पैलवान बदलला. हौसाबाईंनी हाक मारली की शेपूट पायात घालून जिन्याखाली जायचा. शेजारच्या पोरीच्या हातून बिस्किट घ्यायचा आणि हौसाबाईंच्या हाताकडे बघून अंग चोरायचा. हौसाबाईंच्या जिवाला ते फार लागलं. नवरा गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

त्यांनी फिरदौसला घरीच बोलावून घेतलं.

"तुम्ही गोळी देता कशी, ते सांगा बघू," फिरदौस म्हणाली.

"पेढा देते. चावला की कडू लागतं, मग केकाटतं बिचारं, माझ्याकडं बघतं. मी लगेच जवळ घेते. चुकलं रे बाबा म्हणते, पाठीवरनं हात फिरवते, मटणाचा तुकडा भरवते. आमच्यात रुसलेल्याला घास भरवल्याबिगर सोडत नाहीत. शांत झालं की मग बटण."

फिरदौसनं वाकून जिन्याखालच्या पैलवानचा पट्टा बघितला. मग म्हणाली, "काकू, तुमचं जवळ घेणं त्याला एकदाही आठवलेलं नाही. बटण दाबलं की ते सगळं पुसलं जातं."

"आणि कडू? ते पण पुसतंय की."

"कडू लागल्याचं पुसतं. भीती पुसत नाही. आठवणीची मेंदूत दोन घरं आहेत. काय झालं, कुणी केलं, कुठं केलं, हे एका घरात. ते लागायला वेळ लागतो. भीतीचं घर निराळं, खोल. तिथं विरजण-बिरजण काही नाही, गेली की बसली. एवढी साठेल असं आम्हाला वाटलं नव्हतं."

"मग आधी बटण दाबते, घास नंतर भरवते."

"घास आठवेल. पण आत भीती साठतच राहणार, आणि ती कशाची ते त्याला कळणार नाही. जिचं कारणच ठाऊक नाही तिची समजूत कशी काढणार?"

 गोळी बंद केली तर जीव जातो, पट्टा ठेवला तर लेकरू परकं होतं. हौसाबाई उठल्या, जिन्याखालून पैलवानला ओढून काढलं, गळ्यातला पट्टा सोडला आणि गोळी त्याच्या नाकासमोर धरली.

"बघ बाबा. ही कडू आहे, आणि मीच देणार आहे."

त्यांनी जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली आणि तोंड मिटून धरलं. पैलवाननं मनगटावर नखं ओढली, रक्त आलं. गोळी गिळली तशी त्या त्याला सोडून तिथंच फरशीवर बसल्या, हातात मटणाचा तुकडा घेऊन. तो कोपऱ्यातून गुरगुरत राहिला. त्याला आता पक्कं ठाऊक होतं कुणी काय केलं ते. चांगला रुसला होता. फिरदौसपुढचा चहा निवून गेला तेव्हा कुठं तो आला, तुकडा हुंगला, खाल्ला, आणि हौसाबाईंकडे पाठ करून त्यांच्या मांडीला टेकून बसला.

"आलं बघ रुसूबाई," हौसाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग त्यांचं लक्ष फिरदौसकडे गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय गं पोरी? रक्त बघून का?"

"अब्बांचं डायलिसिस घरीच करते मी, काकू. सुईची त्यांना फार धास्ती. म्हणून माणसांचा पट्टा आल्या आल्या त्यांनी आपणहून मागून घेतला. सुई मीच टोचते. ते ओरडतात, माझा हात धरून रडतात. मी त्यांचं डोकं मांडीवर घेते, लहानपणी ते माझं घ्यायचे तसं. शांत झाले की बटण."

हौसाबाईंचा हात पैलवानच्या पाठीवर थांबला.

"परवा मी खोलीत गेले तर ते भिंतीकडे सरकले. त्यांचीच त्यांना लाज वाटली. म्हणाले, बेटा, तू दारात दिसलीस की माझ्या छातीत धडधडतं, सुई टोचलेली तर मला आठवतही नाही, मग तू मला काही करतेस का गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी हसले. म्हटलं, काही नाही, अब्बा."